टकलाची गोष्ट : कासूच्या फलाटापासून बोंडगावच्या गव्हापर्यंत

दिव्याहून रोह्याला जाणारी गाडी पेण सोडते, आणि मग थोड्याच वेळात कासू हे लहानसे स्थानक येते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खारेपाटातली भातशेती. मागे एकदा या गाडीने जात असताना एक तेलविक्रेता आमच्या डब्यात चढला. "एका बाटलीत केसगळती बंद, तीन बाटल्यांत टकलावर केस" असे त्याचे सांगणे होते. समोरच्या बाकावर टोपी घातलेला एक तरुण बसला होता, वय पंचविशीच्या आसपास. त्याने तीन बाटल्या घेतल्या. पैसे देताना त्याने टोपी क्षणभर मागे सरकवली, तेव्हा कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे गेलेले दिसले. आमच्याशी बोलणे सुरू झाल्यावर तो म्हणाला, "सर, दोन ठिकाणची बोलणी मोडली. कारण कोणी सांगत नाही, पण कळते." कासूला तो उतरून गेला.

टक्कल हा विनोदाचा विषय मानला जातो. वर्गात एखाद्या मुलाचे केस लवकर विरळ झाले, तर त्याला मिळणारी टोपणनावे शिक्षकांना चांगली ठाऊक असतात. टकलाने जीव जात नाही हे खरे. पण त्यापायी पैसा, उमेद आणि कधी कधी प्रकृतीही जाते. म्हणून या दुखण्याचा, आणि त्यावर माणसाने काढलेल्या उपायांचा, इतिहास पाहावा असे आम्ही ठरवले. या इतिहासात इजिप्त आहे, सुश्रुत आहे, कॅरिबियन बेटावरचे एक खेडे आहे, आणि आमच्याच रायगड जिल्ह्यातले एक डॉक्टरही आहेत.

टक्कल दिसू केव्हा लागले?

पहिला प्रश्न थोडा वेगळा विचारू. आपल्याकडे टक्कल लोकांना खुपू केव्हा लागले? पेशवाईतली चित्रे पाहिली तर बहुतेक पुरुषांच्या डोक्यावर पगडी किंवा पागोटे दिसते. त्याखाली डोके तासलेले असे आणि मागे शेंडी किंवा घेरा राखलेला असे. ज्या समाजात कपाळापासून टाळूपर्यंत वस्तराच फिरवायचा, तिथे त्या भागातले केस निसर्गाने आधीच काढून नेले तर कोणाच्या लक्षात येणार? चाळिशीतला टकल्या आणि चाळिशीतला दाट केसांचा माणूस पगडीखाली सारखेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी शाळा, कचेऱ्या आणि शहरे यांच्याबरोबर पुढे केस राखून भांग पाडण्याची रीत आली. विसाव्या शतकात पगडी गेली, पागोटे गेले, पुढे टोपीही गेली. डोके उघडे पडले, आणि टक्कलही उघडे पडले. दुखणे जुनेच होते. ते दाखवणारी वेशभूषा नवी होती.

केसांना मान-अपमानाचा अर्थ समाज देतो, याचे आपल्याच इतिहासातले कठोर उदाहरण म्हणजे विधवांचे केशवपन. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हावी मंडळींनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. केस असणे वा नसणे ही शरीराची गोष्ट. त्यावरून माणसाची किंमत ठरवणे ही समाजाची. हा फरक वर्गात बोलण्यासारखा आहे.

जुने उपाय आणि जुनी निरीक्षणे

इतर देशांत मात्र उघड्या डोक्याची चिंता फार जुनी आहे. इ. स. पूर्व १५५० च्या सुमारास लिहिलेल्या इजिप्तमधील एबर्स पपायरस या वैद्यकीय गुंडाळीत टकलावर सिंह, पाणघोडा, मगर, मांजर, साप अशा प्राण्यांची चरबी चोळण्याचा उपाय दिला आहे. रोमचा ज्यूलियस सीझर विजयाची पानांची माला डोक्यावर घालण्याचा मान विशेष आवडीने मिरवत असे, कारण तिने टक्कल झाकले जाई, असे त्याचा चरित्रकार स्विटोनियस सांगतो.

आपल्याकडील आयुर्वेदाच्या ग्रंथांत उपायांपेक्षाही निरीक्षणे लक्षवेधक आहेत. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये इंद्रलुप्त आणि खालित्य यांचा उल्लेख येतो. तिथली उपपत्ती अशी : वातासह पित्त केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडते, आणि मग रक्तासह कफ ती छिद्रे बुजवतो, म्हणून तिथे पुन्हा केस उगवत नाही. वात, पित्त, कफ ही भाषा बाजूला ठेवली तरी एक मुद्दा उरतो. केस गळणे आणि गळलेल्या जागी नवा केस न येणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्या काळी ध्यानात आले होते. वाग्भटाने आणखी एक भेद केला. इंद्रलुप्तात केस एकाएकी जातात, तर खालित्यात क्रमाक्रमाने. आज मराठीत आपण ज्याला चाई म्हणतो, म्हणजे डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडणे, तो पहिल्या प्रकारात बसतो. पुरुषांचे नेहमीचे टक्कल दुसऱ्या प्रकारात बसते.

ग्रीसमध्ये हिपोक्रॅटीसच्या नावावर असलेल्या सूत्रांत एक छोटे निरीक्षण आहे : खोजांना टक्कल पडत नाही. ॲरिस्टॉटलनेही तेच नोंदवले. या एका वाक्यात टकलाची किल्ली होती. पण ती फिरवायला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली.

केस वाढतो कसा?

पुढे जाण्यापूर्वी केसाची रचना समजून घेऊ. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेत रुतलेल्या एका लहान पिशवीतून उगवतो. तिला केशकूप म्हणतात. जिवंत असतो तो केशकूपाचा तळ. त्वचेबाहेर दिसणारा केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा निर्जीव धागा असतो. म्हणून तर केस कापताना दुखत नाही.

केशकूप सतत काम करत नाही. दोन ते सहा वर्षे तो केस वाढवतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत काम आवरते घेतो, आणि नंतर सुमारे तीन महिने विसावतो. विसावा संपला की जुना केस गळतो आणि त्याच कूपातून नवा उगवतो. एका वेळी शंभरातले दहा-पंधरा कूप विसाव्यात असतात. त्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगी डोक्याचेच लक्षण आहे. कंगव्यात आलेले केस पाहून घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांना हा हिशेब अवश्य सांगावा.

या माहितीवरून काही समजुती तपासता येतात. बाळाचे जावळ काढले की केस दाट येतात, असे घरोघरी म्हणतात. वस्तरा फिरतो तो त्वचेबाहेरच्या निर्जीव धाग्यावर. कूपाला त्याची खबरही नसते. १९२८ साली मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस काळजीपूर्वक मोजून दाखवले, की दाढी केल्याने केसांची जाडी वा वाढीचा वेग बदलत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो हाताला राठ लागतो, इतकेच. जावळ हौसेने जरूर काढावे. दाट केसांच्या आशेने नको.

तेलाचेही असेच. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतील रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. खोबरेल केसाच्या धाग्यात शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे त्यांना आढळले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे वाचताना लक्षात ठेवावे. पण निष्कर्ष नीट वाचला तर तो तुटणाऱ्या धाग्याविषयी आहे, बंद पडणाऱ्या कूपाविषयी नाही. माक्याच्या तेलाविषयी उंदरांवर प्रयोग झाले आहेत आणि काहींत केसवाढ दिसलीही. पण उंदराचे केसचक्र माणसापेक्षा वेगळे असते, आणि माणसाचे टक्कल त्याला पडत नाही. आजीने लावलेल्या तेलाने केस मऊ राहतात, तुटत कमी आहेत, डोके शांत वाटते. हे सारे खरे आहे. टकलावर केस उगवतात, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

खोजांच्या निरीक्षणापासून गोळीपर्यंत

१९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हिपोक्रॅटीसचे ते वाक्य प्रयोगाने तपासले. आजारामुळे किंवा शस्त्रक्रियेमुळे ज्यांच्या शरीरात पुरुषी संप्रेरक तयार होत नव्हते, अशा पुरुषांचा त्याने अभ्यास केला. त्यांना टक्कल पडले नव्हते. त्यांपैकी काहींना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस विरळ होऊ लागले. ज्यांच्या घराण्यात ते नव्हते त्यांचे झाले नाहीत. औषध थांबवल्यावर गळती पुढे सरकायची थांबली, पण गेलेले केस परत आले नाहीत. म्हणजे टकलाला दोन गोष्टी लागतात, आनुवंशिकता आणि संप्रेरक. एक असून दुसरे नसेल तर टक्कल नाही.

येथे एक कोडे होते. टकल्या माणसाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त असते असे आढळत नव्हते. मग फरक कुठे? धागा सापडला १९७४ साली. डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या एका खेड्यात काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषाची लक्षणे प्रकट होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅक्गिन्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या मुलांत एक विकर कमी असते. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी रूपात परिवर्तन करणारे ते विकर. मोठेपणी या पुरुषांची पुरःस्थ ग्रंथी लहान राहत असे, आणि त्यांना टक्कल पडत नसे.

आता चित्र जुळले. ज्यांच्या कपाळावरचे व टाळूवरचे केशकूप या संप्रेरकाला आनुवंशिकतेने संवेदनशील असतात, त्यांच्या कूपांचा वाढीचा काळ दर चक्रात आखूड होत जातो. केस दर वेळी बारीक, आखूड, फिकट येतो, आणि शेवटी लव उरते. गंमत अशी की हेच संप्रेरक दाढीचे केस जाड करते, आणि डोक्याच्या मागच्या व बाजूच्या कूपांना काही करत नाही. टक्कल नेहमी घोड्याच्या नालेसारखी झालर ठेवूनच का पडते, त्याचे उत्तर यात आहे.

आनुवंशिकतेविषयी एक गैरसमज येथेच दूर करू. "मामाला किंवा आईच्या वडिलांना टक्कल असेल तर भाच्याला पडणारच" असे म्हणतात. यात थोडे तथ्य आहे. संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहीचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, आणि मुलाला एक्स गुणसूत्र आईकडून मिळते. पण टकलाशी संबंध असलेल्या जनुकीय जागा शेकडो निघाल्या आहेत, आणि त्या वडिलांकडूनही येतात. तेव्हा मामाला दोष देऊन भागत नाही.

ते विकर अडवणारे फिनास्टेराइड हे औषध १९९२ साली अमेरिकेत पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीसाठी मान्य झाले, आणि १९९७ साली कमी मात्रेत पुरुषांच्या टकलासाठी. दुसरे औषध मिनॉक्सिडिल. ते उच्च रक्तदाबासाठी होते. १९७९ साली त्याच्या गोळ्या बाजारात आल्या, पण रुग्णांच्या अंगावर नको तिथे केस वाढू लागले. ही तक्रार होती; संशोधकांनी तिचा उपाय करून टाकला. १९८८ साली मिनॉक्सिडिलचे डोक्याला लावायचे द्रावण टकलासाठी मान्य झाले.

या दोन्ही औषधांच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. ती गळती थोपवतात, काहींचे केस थोडे दाटही होतात. पण गुळगुळीत झालेल्या टकलावर रान उगवत नाही. परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात, आणि औषध थांबवले की मिळालेले काही महिन्यांत जाते. फिनास्टेराइडने काही पुरुषांत कामेच्छा कमी होते, काहींना नैराश्य येते. आत्महत्येचे विचार हा त्याचा दुष्परिणाम असल्याचे २०२५ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने मान्य केले. गरोदर स्त्रीने तर त्याच्या फुटक्या गोळीला हातही लावू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. मित्राने सांगितले म्हणून दुकानातून आणून घ्यायची ही गोळी नव्हे.

तिसरा मार्ग केशरोपणाचा. १९५९ साली न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी प्रसिद्ध केले, की मागच्या झालरीतला कूप पुढे लावला तरी तो आपला मूळचा टिकाऊ गुण सोडत नाही. रोपाने नवी जमीन स्वीकारावी पण जात बदलू नये, तसे. यात नवे केस तयार होत नाहीत; असलेल्यांची फक्त जागा बदलते. आणि ही शस्त्रक्रिया आहे. २०१९ साली मुंबईत केशरोपणानंतर एका माणसाचा मृत्यू झाला. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढून बजावले, की चित्रफिती पाहून किंवा एखाद्या कार्यशाळेला बसून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही; तिला रीतसर प्रशिक्षण लागते.

महाडचे डॉक्टर आणि बोंडगावचे गहू

कासूहून गाडी नागोठणे, रोहा करत कोकण रेल्वेच्या मार्गाला लागली की पुढे वीर स्थानक येते. तिथून महाड जवळ. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे नाव विंचूदंशाच्या उपचारासाठी जगभर माहीत आहे. कोकणातला लाल विंचू चावल्यावर शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरू केलेल्या निरीक्षणांतून, विंचवाच्या विषाने हृदयावर व रक्ताभिसरणावर काय ताण येतो ते त्यांनी ओळखले, आणि प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यूंचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आणले. प्राझोसिन हेही मूळचे रक्तदाबाचेच औषध. मिनॉक्सिडिलसारखे तेही एका कामासाठी आले आणि दुसऱ्या कामी लागले. २०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री मिळाली.

केसांच्या इतिहासात त्यांचे नाव आले ते २०२५ साली. डिसेंबर २०२४ अखेरपासून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटे, मग हात फिरवला की केसांचा पुंजका हातात येई, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. पाहता पाहता अठरा गावांतल्या पावणेतीनशेहून अधिक लोकांना हा त्रास झाला. बाया, पुरुष, मुले, कोणी सुटले नाही.

शिक्षक मित्रहो, आतापर्यंतची माहिती हाताशी धरून येथे क्षणभर थांबा. हे नेहमीचे टक्कल असू शकेल का? नाही, ते वर्षानुवर्षे सरकत येते, आणि मुलांना पडत नाही. चाई असेल का? ती घरातल्या एखाद्याला होते, गावच्या गावाला नाही. टायफॉइड किंवा कोविडसारख्या मोठ्या तापानंतर केस गळतात, पण दोन-तीन महिन्यांनी, कारण विसाव्यात गेलेले केस तेवढ्या काळाने सुटतात. तेव्हा कारण सर्वांना समान, आणि झटक्याने काम करणारे असले पाहिजे. पाणी, अन्न, हवा किंवा संसर्ग.

पहिला संशय पाण्यावर गेला. त्या भागातले पाणी खारे. तपासणीत नायट्रेट व क्षार जास्त निघाले. पण लोक ते पाणी कित्येक वर्षे पीत होते. बुरशीचाही विचार झाला. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. डॉ. बावस्करही महाडहून त्या गावांत गेले. त्यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासले, आणि घरात सर्वांच्या पोटात जाणारी वस्तू तपासायला घेतली : शिधावाटप दुकानातला गहू. रक्त, लघवी आणि केस तिन्हींत सेलेनियम हे मूलद्रव्य अनेक पटींनी वाढलेले होते. गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. गहू धुऊन पुन्हा तपासला, तर १३.६१.

हे दोन आकडे फळ्यावर लिहिण्यासारखे आहेत. धुतल्याने आकडा फारसा उतरला नाही, म्हणजे सेलेनियम दाण्यावर धुळीसारखे चिकटलेले नव्हते. ते दाण्याच्या आत होते. जमिनीतून पिकाने ओढून घेतलेले. आता हिशेब करा. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम लागते, आणि ४०० च्या वर जाणे धोक्याचे. त्या गव्हाच्या ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाल्ल्या तर पोटात सुमारे ४,३५० मायक्रोग्रॅम जाते. धोक्याच्या रेषेच्या जवळजवळ अकरा पट.

सेलेनियमने केसच का जावेत? दहावीच्या आवर्तसारणीत उत्तर आहे. सेलेनियम गंधकाच्या बरोबर खाली बसते, म्हणजे दोघांचे रासायनिक वागणे सारखे. केराटिनला बळकटी येते ती गंधकाच्या जोडबंधांमुळे. सेलेनियमचा पुरवठा फाजील झाला की ते गंधकाच्या जागी घुसते, आणि धागा कच्चा होतो. केस आणि नखे दोन्ही केराटिनची, म्हणून नखेही बिघडतात. बुलढाण्यातही पुढे काही जणांची नखे ठिसूळ होऊन गळू लागल्याचे वृत्त आले.

हा प्रकार जगात पहिलाच नव्हता. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या आरंभी गावेच्या गावे केस आणि नखे गमावून बसली होती. तिथल्या कोळशातून आणि मातीतून धान्यात सेलेनियम उतरले होते. अमेरिकेच्या डाकोटा भागात गुरांचे शेपटीचे केस आणि खूर गळत. १९३० च्या दशकात त्याचे कारण सेलेनियम असल्याचे कळले. आणि आपल्या पंजाबात नवांशहर व होशियारपूर भागात काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचे लुधियानाच्या कृषी विद्यापीठातील अभ्यासकांनी दाखवले आहे. शेगावच्या दुकानांतला गहू उत्तरेकडून, पंजाब-हरियाणाकडून आलेला होता, असे डॉ. बावस्कर यांचे म्हणणे आहे.

काही आठवड्यांत अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस उगवू लागले. कूप मेले नव्हते, फक्त धागा तुटला होता. पण तेवढ्या काळात जे व्हायचे ते झाले. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींचे शिक्षण अडले, लग्ने मोडली, काहींनी लाजेपोटी उरलेले केसही काढून टाकले. म्हणजे कासूच्या फलाटावर उतरलेल्या त्या तरुणाचे आणि बोंडगावच्या मुलांचे दुखणे अगदी वेगळे, पण समाजाने दिलेली शिक्षा एकच.

वर्गात काय सांगावे?

पहिली गोष्ट, केस गळणे हे एका रोगाचे नाव नाही. ते अनेक कारणांचे एकच दृश्य रूप आहे. किती दिवसांत, कुठल्या भागातून, कोणाकोणाचे आणि सोबत काय काय होते, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय उपायाकडे वळू नये. गोल चट्टा आणि त्यावर कोंडा असेल तर नायट्याची बुरशी असू शकते. ती औषधाने बरी होते, आणि वेळीच उपचार झाले तर केस परत येतात. गुळगुळीत चाई पुष्कळदा आपोआप भरते. मोठ्या प्रमाणावर पसरलेल्या चाईसाठी २०२२ पासून नवी औषधेही मान्य झाली आहेत. सर्व डोक्यावरून केस उतरत असतील तर ताप, रक्तक्षय, गलग्रंथीचा विकार किंवा उपासमारीचा आहार यांचा तपास करावा. एकाच गावात अनेकांचे केस एकदम जात असतील तर तेल शोधू नये, आरोग्य केंद्राला कळवावे.

दुसरी गोष्ट प्रतिबंधाची. पुरुषांचे आनुवंशिक टक्कल टाळण्याचा खात्रीचा उपाय नाही. पण लवकर लक्ष दिले तर त्याची चाल मंद करता येते. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. पोटभर प्रथिने व लोह असलेला आहार, तंबाखूपासून दूर राहणे, ओले केस ओढून न विंचरणे, हे सर्वांनाच हिताचे.

तिसरी गोष्ट कायद्याची. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या 'जे' या परिशिष्टात, जे रोग बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधाने करू नये, त्यांची यादी आहे. तीत टक्कल आहे, आणि नवे केस उगवण्याचा दावाही आहे. म्हणजे "तीन बाटल्यांत टकलावर केस" हे वाक्य औषधाच्या बाटलीवर छापणे नियमाला धरून नाही. मुलांना भिंतीवरच्या आणि वर्तमानपत्रातल्या अशा जाहिराती गोळा करायला सांगाव्यात. प्रत्येकीपुढे तीन प्रश्न लिहावेत : दावा नेमका काय? तो कोणावर, किती जणांवर तपासला? औषध न दिलेल्यांशी तुलना केली का? एका तासात विज्ञानाची पद्धत शिकवून होते.

आणि शेवटची गोष्ट. गहू पंजाबातून शेगावला जातो, तसाच तो रेशनच्या दुकानातून कासूच्या घराघरांतही येतो. खारेपाटातला माणूस भात स्वतः पिकवतो, पण पोळीचे पीठ कुठल्या मातीतून आले हे त्याला ठाऊक नसते. ते तपासणे एकट्या माणसाच्या हातचे नाही. ती व्यवस्था सरकारने उभी करायची असते, आणि नागरिकांनी मागायची असते. बोंडगावच्या लोकांनी डोके झाकून घरात बसायचे ठरवले असते तर गव्हापर्यंत कोणी पोहोचलेच नसते.

गाडीतल्या त्या तरुणाला आम्ही तेव्हा एवढेच म्हणालो, की बाटल्या उघडण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखव. आज भेटला तर आणखी एक वाक्य जोडू. तुझ्या केसांचे जे होणार ते होईल, त्यावर थोडाफार इलाज आहे. पण टोपीच्या आतले पाहून ज्यांनी बोलणी मोडली, त्यांच्या घरी तू गेला नाहीस, यात तुझे काही हरवले नाही.